कर्नल अपडेटनंतर सर्व्हरची डिस्क मंदावली? आधी मोजा, मग हात लावा

लिनक्स सर्व्हरवर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झालं, मशीन रीबूट झालं आणि त्यानंतर डेटाबेस रेंगाळतोय, बॅकअप वेळेत संपत नाही, लोड ॲव्हरेज चढलाय पण सीपीयू जवळपास रिकामा आहे. ही लक्षणं दिसली की बहुतेक जण इंटरनेटवर सापडलेल्या पाच-सहा सेटिंग एका दमात बदलतात. मग वेग परत आला तरी कशामुळे आला ते कळत नाही, आणि आला नाही तर आधीची स्थितीही हातची गेलेली असते.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. कर्नल अपडेट करताना दोन घटना एकत्र घडतात: नवं कर्नल येतं आणि मशीन रीबूट होतं. रीबूटचे स्वतःचे परिणाम असतात आणि त्यांचं खापर कर्नलवर फुटतं. म्हणून हे दोन्ही वेगळे काढणं हे पहिलं काम.

आज्ञा, फाइलींची नावं आणि त्यांतले आकडे इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत टाइप करा. डिस्कचं नाव उदाहरणादाखल 'एसडीए' धरलं आहे, तुमचं वेगळं असेल. ते 'एलएसबीएलके' ही आज्ञा दाखवते.

पायरी १: रीबूटचे परिणाम बाजूला काढा

सर्वांत साधं कारण म्हणजे रिकामी झालेली कॅश. लिनक्स मोकळ्या रॅममध्ये वाचलेल्या फाइली साठवून ठेवतं. ६४ जीबी रॅमच्या, महिनोन्‌महिने चालू असलेल्या सर्व्हरवर बहुतेक वाचन डिस्कपर्यंत पोहोचतच नाही. रीबूटनंतर हा सगळा साठा जातो आणि प्रत्येक वाचन खऱ्या डिस्कवर आदळतं. 'फ्री -एच' चालवून 'बफ/कॅश' या रकान्यातला आकडा पाहा. तो तासागणिक वाढत असेल आणि त्याबरोबर तक्रारी कमी होत असतील, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे त्याची स्वतःची रॅममधली कॅश, हाही थंड असतो. ५.७ आवृत्तीपासून तो बंद होताना कोणती पानं मेमरीत होती याची यादी जपून ठेवतो आणि सुरू होताना ती परत भरतो, पण मूळ सेटिंगनुसार ही यादी सर्वांत अलीकडे वापरलेल्या २५ टक्के पानांचीच असते. कामाचा एक पूर्ण दिवस गेल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दुसरं, सॉफ्टवेअर रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून एकीसारख्या वापरायची व्यवस्था. 'कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट' चालवा. तिथे 'रीसिंक', 'रिकव्हरी' किंवा 'चेक' आणि टक्केवारी दिसली तर डिस्क तुमच्या कामाशिवाय आणखी एक मोठं काम करतेय. रीबूट नीट पार पडला नसेल तर हे आपोआप सुरू होतं. डेबियनमध्ये तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तपासणी ठरलेलीच असते. कामाच्या वेळी तिचा वेग '/प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मॅक्स' मध्ये कमी करता येतो. मूळ आकडा २००००० असतो, म्हणजे दर डिस्कमागे सेकंदाला सुमारे २०० एमबी. तो २०००० करा, रात्री परत वाढवा. रीसिंक मात्र कायमचा थांबवू नका, कारण तो पूर्ण होईपर्यंत दोन्ही डिस्कवरचा डेटा सारखा असल्याची खात्री नसते.

तिसरं, हार्डवेअर रेड कार्डची बॅटरी. कार्डावरची मेमरी बॅटरीच्या जिवावर लिखाण झेलते आणि सावकाश डिस्कवर उतरवते. बॅटरी उतरली किंवा खराब झाली की कार्ड गुपचूप 'राइट बॅक' सोडून 'राइट थ्रू' वर जातं, म्हणजे प्रत्येक लिखाण थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबतं. वाचन पूर्वीसारखंच राहतं, पण छोटी लिखाणं कोसळतात. ब्रॉडकॉमच्या कार्डांवर 'स्टोरसीएलआय'ने सध्याची पद्धत दिसते. बॅटरी नसताना जबरदस्तीने राइट बॅक चालू करायची सोय त्यात आहे. ती वापरू नका. वीज गेली तर कार्डातलं लिखाण जातं आणि फाइलसिस्टिम मोडते. बॅटरी बदला.

चौथं, क्लाउड. ॲमेझॉनच्या 'जीपी२' व्हॉल्यूमला दर जीबीमागे ३ आयओपीएस (सेकंदाला होणारी वाचनं-लिखाणं) मिळतात. त्याहून जास्त वेग, ३००० पर्यंत, साठवलेल्या क्रेडिटमधून येतो आणि भरलेल्या खात्यात ५४ लाख क्रेडिट असतात. १०० जीबीच्या व्हॉल्यूमचा हक्काचा वेग ३०० आहे. पूर्ण वेगाने वापरलं तर सेकंदाला निव्वळ २७०० क्रेडिट खर्च होतात आणि सुमारे ३३ मिनिटांत खातं रिकामं. पॅकेजं उतरवणं, उलगडणं, बूट होणं आणि कॅश पुन्हा भरणं हे सगळं त्याच खात्यातून जातं. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेख सेवेत 'बर्स्ट बॅलन्स' शून्याजवळ दिसला तर कर्नलचा संबंध नाही. 'जीपी३' मध्ये ही भानगड नाही: आकार कितीही असो, ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी इतका पाया मिळतो.

पायरी २: जुनं कर्नल हातचं जाऊ देऊ नका

चालू कर्नल 'यूनेम -आर' सांगतं. बाकीची '/बूट' मध्ये दिसतात. रेड हॅट कुळातल्या वितरणांत मूळ सेटिंगनुसार तीन कर्नल ठेवली जातात. डेबियन आणि उबुंटूवर 'एपीटी ऑटोरिमूव्ह' जुनी काढून टाकू शकतं, म्हणून चौकशी संपेपर्यंत ते चालवू नका.

आता दोन्ही बूटच्या नोंदी शेजारी ठेवा. 'जर्नलसीटीएल -के -बी ०' आत्ताच्या बूटचे कर्नल संदेश देतं, '-बी -१' आधीच्या बूटचे. जर्नल डिस्कवर जपलं जात असेल तरच जुन्या नोंदी मिळतात, त्यासाठी '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर असायला हवं. दोन्ही फाइलींत 'एटीए', 'एनव्हीएमई', 'एससीएसआय' हे शब्द शोधून ओळी ताडून पाहा. बऱ्याच वेळा उत्तर इथेच सापडतं: एखादा ड्रायव्हर बदललेला, एखादी सुविधा बंद झालेली, किंवा लिंक कमी वेगावर आलेली.

पायरी ३: मोजणी

आधी चालू स्थिती पाहायची. 'सिसस्टॅट' पॅकेज टाका आणि 'आयओस्टॅट -एक्स १' चालवा. पहिला तक्ता सोडून द्या, तो बूट झाल्यापासूनची सरासरी दाखवतो. नंतरच्या तक्त्यांत 'आर_अवेट' आणि 'डब्ल्यू_अवेट' हे सर्वांत कामाचे रकाने: एका वाचनाला आणि एका लिखाणाला सरासरी किती मिलिसेकंद लागले. 'एक्यूयू-एसझेड' म्हणजे रांगेत सरासरी किती विनंत्या होत्या. '%यूटिल' शंभर दिसलं म्हणून घाबरू नका. एका वेळी एकच काम करणाऱ्या डिस्कसाठी तो आकडा अर्थपूर्ण होता, पण अनेक विनंत्या एकाच वेळी हाताळणारी एनव्हीएमई डिस्क (साटापेक्षा वेगवान जोडणीची एसएसडी) शंभर टक्क्यांवरही निवांत असू शकते.

मग 'एफआयओ' या डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाने ठरावीक चाचणी. 'डीडी'ने केलेली मोजणी इथे चालत नाही. थेट लिहिण्याचा पर्याय दिला नाही तर डीडी रॅममध्ये लिहून मोकळं होतं आणि तुम्हाला रॅमचा वेग डिस्कचा वाटतो.

चाचणीसाठी '/व्हार/टीएमपी' मध्ये एक फाइल द्या. साधं '/टीएमपी' अनेक ठिकाणी रॅममध्येच असतं, म्हणून ते नको. आणि फाइलच्या जागी कधीही थेट '/डेव्ह/एसडीए' देऊ नका. लिखाणाची चाचणी त्या डिस्कवरचा सगळा डेटा पुसून टाकेल.

सर्व चाचण्यांत सारखे राहणारे पर्याय असे: '--डायरेक्ट=१' म्हणजे रॅमची कॅश टाळायची, '--आयओइंजिन=लिबएआयओ', '--साइज=४जी', '--रनटाइम=६०' आणि '--टाइम_बेस्ड'. त्यावर चार प्रकार:

१. '--आरडब्ल्यू=रँडरीड --बीएस=४के --आयओडेप्थ=१': विखुरलेलं वाचन, एका वेळी एकच विनंती.
२. तेच, पण '--आयओडेप्थ=३२': एका वेळी बत्तीस विनंत्या.
३. '--आरडब्ल्यू=रँडराइट --बीएस=४के --आयओडेप्थ=१ --एफसिंक=१': प्रत्येक लिखाण डिस्कवर पक्कं झाल्याची खात्री करून पुढे. डेटाबेसच्या कमिटच्या सर्वांत जवळची चाचणी हीच.
४. '--आरडब्ल्यू=रीड --बीएस=१एम --आयओडेप्थ=८': सलग वाचन.

प्रत्येक चाचणी तीनदा करा, मधला आकडा घ्या. सर्व्हरवर त्या वेळी दुसरं जड काम नको. पाच टक्क्यांच्या आतला फरक मनावर घेऊ नका.

आकडे बरोबर आहेत का, हे ओळखायला थोडा हिशेब. मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या हार्डडिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, त्यामुळे हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात हेड सरकायला आठ-नऊ धरा. पहिल्या चाचणीत अशा डिस्कने ७५ ते ८० आयओपीएस दिले तर ती धडधाकट आहे, त्याहून जास्तीची अपेक्षाच चुकीची. फक्त ४ जीबीच्या फाइलवर हेडला थोडंच सरकावं लागतं, म्हणून आकडा याहून बराच वर गेला तरी नवल नाही. साटा एसएसडीचं सलग वाचन ५५० एमबीच्या आसपास अडकतं, कारण ६ गिगाबिटच्या साटा लिंकमधून ६०० एमबीपेक्षा जास्त जाऊच शकत नाही.

आता जुन्या कर्नलवर बूट करून अगदी हेच पुन्हा करा. ग्रब म्हणजे बूट होताना कर्नल लोड करणारा प्रोग्राम. त्याची 'ग्रब-रीबूट' ही आज्ञा फक्त पुढच्या एका बूटसाठी कर्नल निवडते. डेबियन आणि उबुंटूवर त्यासाठी '/इटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मध्ये 'ग्रब_डीफॉल्ट=सेव्हड' असावं लागतं, आणि बदल केल्यावर 'अपडेट-ग्रब' चालवावं लागतं. रेड हॅट कुळात 'ग्रब२-रीबूट' आहे. दूरच्या सर्व्हरवर आयपीएमआय, आयड्रॅक, आयएलओ किंवा क्लाउडची सीरियल कन्सोल अशी दुरून पडदा दाखवणारी सोय हाताशी नसेल तर हा प्रयोग करू नका. बूट अडकलं तर तुम्हाला पडदाच दिसणार नाही.

दोन्ही कर्नलवर आकडे सारखे आले तर कर्नल निर्दोष आहे. पायरी १ कडे परत जा, किंवा खाली शेवटी दिलेल्या हरवलेल्या सेटिंग तपासा. फरक आला तर कोणती चाचणी घसरली यावरून पुढची दिशा ठरते.

फक्त बत्तीस विनंत्यांची चाचणी घसरली

'/सिस/ब्लॉक/एसडीए/डिव्हाइस/क्यू_डेप्थ' पाहा. साटा डिस्कवर तिथे ३२ किंवा ३१ असायला हवं. १ असेल तर एनसीक्यू, म्हणजे अनेक विनंत्या एकत्र स्वीकारायची सुविधा, बंद आहे. काही वेळा कर्नल ती मुद्दाम बंद करतं. सॅमसंगच्या ८६० आणि ८७० मालिकेतल्या एसएसडी एएमडी/एटीआयच्या जुन्या साटा कंट्रोलरवर एनसीक्यूसह चुका देत होत्या, म्हणून ५.१५ च्या सुमारास कर्नलने त्या जोडीसाठी एनसीक्यू बंद केलं. तुमच्याकडे हीच जोडी असेल तर हे मुद्दाम आहे. डिस्क वेगळ्या कंट्रोलरवर हलवणं हा योग्य उपाय.

एनसीक्यू ठीक असेल तर शेड्यूलर, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्यांचा क्रम ठरवणारा भाग, पाहा: 'कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्यूलर'. चौकटी कंसातला पर्याय चालू असतो. मोठी उडी मारलेल्या सर्व्हरवर गोंधळ इथेच होतो. मार्च २०१९ मधल्या ५.० कर्नलने जुनी एका रांगेची व्यवस्था काढून टाकली. तिच्याबरोबर 'नूप', 'डेडलाइन' आणि 'सीएफक्यू' गेले. त्यांच्या जागी 'नन', 'एमक्यू-डेडलाइन', 'कायबर' आणि 'बीएफक्यू' आहेत. ग्रबमध्ये वर्षानुवर्षं लिहिलेलं 'एलेव्हेटर=डेडलाइन' आता काहीही करत नाही. उबुंटू १८.०४ वर ४.१५ वरून एचडब्ल्यूईच्या (त्याच वितरणासाठी दिलेल्या नव्या कर्नलच्या) ५.४ वर गेलेल्यांना हा बदल वितरण न बदलताही भोगावा लागला.

याचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. 'आयओनाइस -सी ३' (डिस्क रिकामी असेल तेव्हाच काम कर, ही सूचना) लावून चालवलेला बॅकअप सीएफक्यूच्या काळात इतरांना वाट देत असे. 'नन' शेड्यूलरवर त्या सूचनेचा काहीच उपयोग नाही, एमक्यू-डेडलाइनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही नव्हता. त्यामुळे बॅकअप तोच, वेळ तीच, पण आता तो डेटाबेसला चिरडतो. यावर बीएफक्यू निवडा, किंवा बॅकअपचा वेगच बांधून द्या. आरसिंकमध्ये '--बीडब्ल्यूलिमिट' त्यासाठीच आहे.

निवड करताना आमचं मत असं: फिरत्या डिस्कवर एमक्यू-डेडलाइन, अनेक प्रकारची कामं एकत्र असतील तर बीएफक्यू, एनव्हीएमईवर नन, व्हर्च्युअल मशीनच्या आत नन, कारण रांग लावायचं काम खालचा होस्ट करतोच. बदल आधी 'इको'ने त्याच फाइलमध्ये लिहून तपासा. तो रीबूटनंतर टिकत नाही. फायदा दिसला तरच '/इटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' मध्ये नियम लिहून पक्का करा. नियमात 'क्यू/रोटेशनल'चा आधार घेत असाल तर आधी त्या फाइलीतला आकडा वाचा. रेड कार्डामागची किंवा व्हर्च्युअल मशीनमधली एसएसडी अनेकदा १, म्हणजे फिरती डिस्क, असं सांगते.

फक्त एफसिंकची चाचणी घसरली

'/सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/राइट_कॅश' आणि साटा डिस्कसाठी 'एचडीपार्म -डब्ल्यू' पाहा (इथला डब्ल्यू मोठ्या लिपीतला). दोन कर्नलवर उत्तर वेगळं असेल तर कारण सापडलं.

'/इटीसी/एफएसटॅब' मध्ये 'नोबॅरियर' आहे का तेही बघा. लिखाण डिस्कवर पक्कं उतरवण्याची (फ्लशची) सक्ती हा पर्याय काढतो. एक्सएफएस या फाइलसिस्टिममध्ये ४.१० पासून तो पर्याय निष्प्रभ झाला आणि ४.१९ मध्ये पूर्ण काढला गेला. त्यावर विसंबलेला सर्व्हर नव्या कर्नलवर हळू होणारच, आणि ते बरोबरच आहे. आधीचा वेग वीज गेल्यावर डेटा गमावण्याच्या मोबदल्यात मिळत होता. तो परत मिळवायचा असेल तर वीज गेल्यावरही लिखाण जपणारे कपॅसिटर असलेली सर्व्हर दर्जाची एसएसडी घ्या. अशा डिस्क फ्लशच्या आज्ञेला जवळपास लगेच उत्तर देतात.

फक्त एका विनंतीची चाचणी घसरली

यात डिस्कपेक्षा सीपीयूचा वाटा मोठा असतो. एका विनंतीनंतर सीपीयू वाट पाहत झोपतो आणि उत्तर आल्यावर जागा होतो. नव्या कर्नलमध्ये तो जास्त गाढ झोपत असेल, तर प्रत्येक विनंतीला काही मायक्रोसेकंद जादा लागतात. फिरत्या डिस्कच्या बारा मिलिसेकंदांत ते दिसत नाहीत, पण शंभर मायक्रोसेकंदांत उत्तर देणाऱ्या एनव्हीएमईवर ठळक दिसतात. सीपीयूचा वेग ठरवणारा 'स्केलिंग_गव्हर्नर' दोन्ही कर्नलवर ताडून पाहा. रेड हॅट कुळात 'ट्यून्ड-एडीएम ॲक्टिव्ह' चालू प्रोफाइल सांगतं. साटावर '/सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट०/लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी' मध्ये वीज वाचवणारा पर्याय आला असेल तर 'मॅक्स_परफॉर्मन्स' लिहून पुन्हा मोजा.

सुरक्षेच्या उपायांचाही इथे हिस्सा असतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे सीपीयूंमधले सुरक्षादोष उघड झाल्यापासून कर्नलमध्ये शिरताना-बाहेर पडताना जादा काम होतं, आणि छोट्या विनंत्यांना त्याची झळ सर्वाधिक. '/सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज' मधल्या फाइली कोणता उपाय लागू आहे ते सांगतात. 'मिटिगेशन्स=ऑफ' फक्त एका बूटपुरतं, कारण ओळखण्यासाठी वापरा. अनेक ग्राहकांची मशीन चालवणाऱ्या किंवा बाहेरचा कोड चालवणाऱ्या सर्व्हरवर ते कायम ठेवणं म्हणजे एका ग्राहकाला दुसऱ्याची मेमरी वाचू देण्याची वाट उघडणं.

सगळ्याच चाचण्या घसरल्या

लिंकचा वेग बघा. 'डीएमईएसजी' मध्ये साटा लिंक ६.० गिगाबिटऐवजी ३.० किंवा १.५ वर आलेली दिसली, तर सलग वाचन अनुक्रमे ३०० आणि १५० एमबीच्या खाली अडकेल. चुका आल्या की कर्नल वेग उतरवतं. 'स्मार्टसीटीएल -ए' मध्ये १९९ क्रमांकाचा सीआरसी चुकांचा आकडा वाढत असेल तर केबल किंवा बॅकप्लेन बदला. ५ आणि १९७ वाढत असतील तर डिस्कच जातेय, आधी बॅकअप घ्या. एनव्हीएमईसाठी 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' मध्ये लिंकची क्षमता आणि सध्याची स्थिती या दोन ओळी ताडा. चार लेनच्या जागी एक लेन दिसली तर कार्ड काढून पुन्हा बसवा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर 'क्रिप्टसेटअप बेंचमार्क' दोन्ही कर्नलवर चालवा. एईएसचा वेग एकदम खाली आला असेल तर सीपीयूची मदत घेणारा मॉड्यूल लोड झालेला नाही.

चाचण्या सारख्या, तरी काम हळू

मग हाताने केलेली एखादी सेटिंग रीबूटमध्ये उडाली असणार. 'ब्लॉकडेव्ह --गेटआरए' पुढचा किती भाग आधीच वाचून ठेवायचा (रीडअहेड) तो आकडा ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये सांगतं. २५६ म्हणजे मूळचे १२८ केबी. मोठ्या फाइली वाचणाऱ्या सर्व्हरवर कुणी तो कधीतरी ४०९६ केला असेल आणि लिहून ठेवायचं राहिलं असेल. 'सिससीटीएल -ए' मधले 'व्हीएम.डर्टी'ने सुरू होणारे आकडे जुन्या नोंदीशी ताडा. डिस्कवर न उतरलेलं किती लिखाण रॅममध्ये साठू द्यायचं ते हे आकडे ठरवतात. मूळ किमती पार्श्वभूमीत उतरवायला सुरुवात करण्यासाठी १० टक्के, सक्तीने उतरवण्यासाठी २० टक्के. १२८ जीबी रॅमवर २० टक्के म्हणजे पंचवीस जीबीच्या आसपास, आणि इतकं साठलेलं एकदम उतरायला लागलं की मंद डिस्क काही मिनिटं गोठते.

दोष खरोखर कर्नलचाच निघाला तर

आधी त्याच शाखेतलं आणखी नवं अपडेट आलंय का बघा. नसेल तर जुन्या कर्नलवर थांबा: उबुंटू-डेबियनवर 'एपीटी-मार्क होल्ड', रेड हॅट कुळात 'ग्रबी --सेट-डीफॉल्ट' आणि 'डीएनएफ व्हर्जनलॉक'. वितरणाबाहेरचं ताजं कर्नल घाईने टाकणं आम्ही सुचवत नाही. २०१८ च्या अखेरीस ४.१९ वर एक्स्ट४ फाइलसिस्टिम खराब होत होत्या. संशय एक्स्ट४ वर होता, दोष निघाला ब्लॉक लेयरच्या रांगेच्या कोडमध्ये. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मधल्या एक्स्ट४ च्या दोषामुळे डेबियनला १२.३ थांबवून थेट १२.४ आणावं लागलं. हळू डिस्क सहन करता येते, बिघडलेला डेटा येत नाही.

दोष कळवताना दोन्ही कर्नलची नेमकी नावं, दोन्हीकडचे एफआयओचे पूर्ण निकाल, दोन्ही बूटचे कर्नल संदेश, 'एलएसपीसीआय -एनएन'मधली कंट्रोलरची ओळ आणि चालू शेड्यूलर एवढं जोडा. मधल्या आवृत्त्या उपलब्ध असतील तर मधली घ्या, मोजा, अर्धा भाग बाद करा, पुन्हा मधली घ्या. 'गिट बायसेक्ट' हेच बदलांच्या पातळीवर करतं: सोळा हजार बदलांतून दोषी बदल शोधायला साधारण चौदा वेळा कर्नल बांधून (बिल्ड करून) मोजणं पुरतं.

जुनं कर्नल अडकवून ठेवल्याची तारीख आणि कारण सर्व्हरच्या नोंदवहीत लिहा. तिथे यापुढे सुरक्षेची दुरुस्ती येणार नाही. दुरुस्त कर्नल आलं की आधी त्याच चार चाचण्या करा, आणि आकडे जुळले की 'एपीटी-मार्क अनहोल्ड' करा.